बिलांची फाईल आणि गच्चीवरचं ऊन

आमच्या घरात एक जाडजूड फाईल आहे. तिच्यात १९८४ पासूनची विजेची बिलं आहेत. आधी ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवलेली असायची. तार भरली, गंजली, मग मुलाने कॉलेजात असताना फाईल आणून दिली. "उद्या कुणी विचारलं तर असावीत" हे मी घरात सांगत आलेलं कारण. खरं कारण असं की जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे तारीख असलेला कागद माझ्या हातून फेकवत नाही. चाळीस वर्षांत त्या बिलांबद्दल कुणी काही विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

२०२४ च्या उन्हाळ्यात मात्र ती फाईल कपाटातून बाहेर आली आणि दोन महिने बैठकीच्या खोलीतच राहिली. विषय होता गच्चीवर सोलर बसवायचं की नाही.

बरेच नातेवाईक अजून विचारतात की या वयात तुम्हाला हे कुठून सुचलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात झाली ती एका गजरामुळे. यांच्या छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी उन्हाळा जपायला सांगितला, म्हणून २०२३ ला आम्ही झोपायच्या खोलीत एसी घेतला. घेतला खरा, पण वापरायचा कसा? विजेचे दर टप्प्यांचे. शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी चढा. तीनशेच्या वर गेलं तर वरच्या युनिटांनाच जास्त दर लागतो, सगळ्यांना नाही. हे मला गणित म्हणून कळतं. पण पेन्शनवर चालणाऱ्या घरात 'तीनशे' ही लक्ष्मणरेषा होऊन बसते. महिन्याच्या वीस तारखेपासून आम्ही दोघं मीटर वाचायला लागायचो. रात्री दोनचा गजर लावून एसी बंद करायचो, खिडक्या उघडायचो आणि घामाघूम पडून राहायचो. मे महिन्यात मुलगा-सून पुण्याहून आले, तेव्हा सुनेने तो गजर ऐकला. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "आई, एसी कशासाठी घेतलाय? दाखवायला?"

त्याच दिवशी मुलाने सोलरचा विषय काढला. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारची घरगुती सौर विजेची योजना आली होती, पीएम सूर्यघर. एक कोटी घरांचं लक्ष्य. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी तीस हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला अठरा हजार, म्हणजे तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार. त्यापुढे मोठी यंत्रणा घेतली तरी अनुदान तेवढंच. मुलाने सगळं तोंडपाठ सांगितलं.

यांनी एकच प्रश्न विचारला. "पॅनलची गॅरंटी किती?"

"पंचवीस वर्षं, बाबा."

"माझं वय एकोणऐंशी. हिचं चौऱ्याहत्तर." हे शांतपणे म्हणाले आणि पेपर उघडला. विषय संपला, असं त्या दिवशी वाटलं होतं.

मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, बाबांना नवीन तंत्रज्ञान नको असतं." हे मात्र मला पटलं नाही. यांचा स्वभाव माहीत आहे म्हणून नव्हे, तर 'नवीन' या शब्दामुळे. सूर्यावर यंत्र चालवणं महाराष्ट्रात किती जुनं आहे, ते त्याला सांगायला घेतलं. त्याला बहुतेक माझ्या तासाची आठवण झाली असावी, कारण तो लगेच खुर्ची ओढून बसला. :-)

तर ही गोष्ट मुंबईची, १८७८ च्या सुमाराची. विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईत सरकारी नोकरीत डेप्युटी रजिस्ट्रार होता. म्हणजे कागदपत्रांत बुडालेला माणूस, इंजिनिअर नव्हे. त्याच्या वाचनात फ्रान्समधल्या ओग्युस्तँ मूशो याचे प्रयोग आले. हा मूशो शाळेत गणित शिकवायचा (मास्तर लोकांनी जगात काय काय केलंय!). त्याने उन्हावर वाफेचं छोटं इंजिन चालवून दाखवलं होतं आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात उन्हावर चालणाऱ्या यंत्राने चक्क बर्फ तयार केला होता. अ‍ॅडम्सला वाटलं, ऊन तर खरं आपल्याकडे आहे, हे यंत्र इथे हवं. पण मूशोचा धातूचा, परडीसारखा आरसा महाग, लवकर काळा पडणारा आणि मोठा करायला अवघड. अ‍ॅडम्सने साधे सपाट आरसे घेतले. साधारण सतरा इंच लांब, दहा इंच रुंद. ते एका चौकटीत अर्धवर्तुळात बसवले. बॉयलर जागच्या जागी, आणि आरशांची चौकट रुळावरून दिवसात तीन-चारदा सरकवायची, एका मजुराने. एकेक आरसा वाढवत तो बहात्तरपर्यंत गेला. आरशांच्या झोतात लाकूड धरलं की ते तिथल्या तिथे पेट घ्यायचं. मग त्याने बॉयलरला अडीच अश्वशक्तीचं इंजिन जोडलं आणि आपल्या बंगल्याच्या आवारात पंधरा दिवस ते उन्हावर चालवलं. पाहायला लष्करी अधिकारी आले, न्यायाधीश आले, गिरणीमालक आले. त्याने यावर पुस्तक लिहिलं. उष्ण देशांत जळणाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, अशा अर्थाचं त्याचं नाव. सैनिकांसाठी त्याने आरशांची एक चूलही केली होती. सात जणांचं जेवण दोन तासांत शिजवणारी.

मुंबईत हे चाललं होतं तेव्हा शहरात विजेचे दिवे घरोघरी यायला कित्येक वर्षं अवकाश होता. म्हणजे आमच्या मुलाला 'नवीन' वाटणारी सूर्यशक्ती महाराष्ट्रात विजेच्या दिव्यापेक्षा जुनी आहे.

"मग झालं काय पुढे?" मुलाने विचारलं.

काही झालं नाही. पाहुणे खूश होऊन घरी गेले. कोळशाशी हे यंत्र टक्कर देऊ शकणार नाही, जोडीला चालेल, असं तिथल्या इंजिनिअरांचं मत पडलं. मूशोचंही तेच झालं. कोळसा स्वस्त झाला आणि फ्रेंच सरकारचा रस संपला. पण कोळशाची स्वस्ताई हे अर्धंच कारण, असं मला वाटतं. गिरणीमालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गिरणी संध्याकाळी चालवायची तर काय? श्रावणात काय? कोळसा ढीग घालून ठेवता येतो. ज्वारी कणगीत, बळदात, पेवात भरून ठेवता येते, तसा. उन्हाला कणगी नाही. आमच्या मराठवाड्यात पेव खणून दोन-दोन वर्षांचं धान्य जमिनीत ठेवायचे, तेव्हा कुठे दुष्काळात माणसं तगायची. कणगी नसलेलं पीक, कितीही भरघोस येऊ दे, घर चालवत नाही. सूर्याची सगळी अडचण ही आहे आणि १८७८ पासून तीच आहे. आमच्या घरातला वादही शेवटी यावरच येऊन थांबला, ते पुढे सांगते.

आमच्या शहरात (माझी हयात औरंगाबाद म्हणण्यात गेली, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) 'फुकटच्या शक्ती'चं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. पाणचक्की. मी कितीतरी वर्गांच्या सहली तिथे नेल्या. पाण्याच्या जोरावर जातं फिरतंय, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना पीठ मिळतंय, हे पाहून मुलं म्हणायची, "बाई, किती छान, फुकट दळण!" मग मी त्यांना विचारायचे, हे पाणी आलं कुठून? डोंगरातल्या झऱ्यापासून कित्येक किलोमीटर मातीचे नळ घालून ते आणलेलं आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला नहरींची सवय लावली, पाणचक्की नंतरची. पाणी फुकट, पण नहर फुकट नव्हती. ती कुणीतरी खणली, कुणीतरी गाळ काढला, कुणीतरी फुटका नळ बदलला. गाळ काढणारा गेला की जातं थांबतं.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगते, कारण यांच्या नकारामागे तिचाही वाटा होता.

१९८०च्या दशकात सरकारी अनुदानावर सौर चूल मिळायची. पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत काळ्या रंगाचे चार डबे. राज्यात १९८५ साली महाऊर्जा ही संस्था स्थापन झाली होती आणि शाळाशाळांतून प्रचार चालायचा. मी विज्ञानाची नव्हे, पण उत्साहाची शिक्षिका. घेतली. वरण-भात उत्तम शिजायचा, शेंगदाणे तर इतके खरपूस भाजले जायचे की विचारू नका. पण शाळा साडेसातची. पहाटे सहाला सूर्य माझ्यासाठी कामाला लागत नसे. दुपारी एकला परत आल्यावर पेटी लावली तर जेवण चार वाजता. सुट्टीच्या दिवशी दर अर्ध्या तासाने गच्चीवर जाऊन पेटी फिरवा. भाकरी नाही, फोडणी नाही. दोन उन्हाळे वापरली, तिसऱ्या वर्षी ती माळ्यावर गेली आणि तिच्यात जुनी रद्दी राहायला आली. पुढे वाचनात आलं की १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनेही एक सौर चूल काढली होती आणि तीही लोकांनी घेतली नव्हती. वाचून जरा बरं वाटलं.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर, नेमाने केली तर चालते, हे शिर्डीने दाखवलं. २००९ साली साईसंस्थानच्या प्रसादालयावर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्या. त्या उन्हाने पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक होतो. आम्ही दोघं पाहून आलो होतो. अ‍ॅडम्सचे बहात्तर आरसे आणि शिर्डीच्या त्र्याहत्तर तबकड्या, मध्ये एकशे तीस वर्षं. मला तेव्हा फार गंमत वाटली होती. हे म्हणाले होते, "तिथे तबकड्या सांभाळायला माणसं आहेत. आपल्याकडे तू होतीस."

तेव्हा सोलर म्हटलं की यांच्या डोळ्यासमोर माळ्यावरची पेटी यायची. दोष कसा द्यावा?

मग मी फाईल काढली. वादात जिंकण्यासाठी नव्हे, खरं तर मलाच बघायचं होतं की चाळीस वर्षांत आम्ही विजेचे किती आणि कसे पैसे भरले.

माझं लहानपण पैठण तालुक्यातल्या खेड्यातलं. रॉकेलची चिमणी, पाहुणे आले तर कंदील. कंदिलाची काच रोज राखेने पुसायचं काम माझं, कारण हात लहान, काचेत जायचा. गावात खांब आले तेव्हा मी मॅट्रिकच्या जवळपास होते. दिवा लागला त्या रात्री आजी दिव्याला नमस्कार करून म्हणाली, "याला तेल कोण घालतं?" आम्ही हसलो होतो. आता वाटतं, प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर तेव्हा 'कोयना' असं होतं, थोड्या वर्षांनी 'परळी' असं झालं. परळीच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ चा. मराठवाड्यातल्या माणसाला आपल्या भागात वीज तयार होते याचा अभिमान असायचा.

सिडकोतलं हे घर १९८४ चं. पहिलं बिल सत्तावीस रुपये काही पैसे. दोन पंखे, चार दिवे, एक रेडिओ. बिलाच्या डोक्यावर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, ज्याची स्थापना राज्याबरोबरच १९६० सालची. पुढे मिक्सर आला, फ्रीज आला, रंगीत टीव्ही आला, हे सगळं युनिटांच्या आकड्यांत दिसतं. मुलाच्या दहावीचं वर्ष तर स्पष्टच दिसतं, रात्री जागून अभ्यास. जून २००५ नंतर बिलाचं डोकं बदललं. मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण झाले. २०११ ते २०१४ पुन्हा वेगळं डोकं, कारण शहराचं वीजवाटप त्या काळात एका खासगी कंपनीकडे दिलेलं होतं. मग पुन्हा महावितरण. आमचं मीटर मात्र त्याच भिंतीवर.

२००५ पासून पुढच्या सहा-सात वर्षांतल्या काही महिन्यांची बिलं विचित्र आहेत. उन्हाळा असूनही युनिट कमी. तो भारनियमनाचा काळ. मागणी वाढली होती, नवी केंद्रं झाली नव्हती, दाभोळचा प्रकल्प २००१ ला बंद पडून होता. गळती आणि थकबाकी ज्या भागात जास्त तिथे वीज जास्त तास बंद, अशी भागांची गटवारी केलेली. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या मला हे फार ओळखीचं वाटायचं. बाकावरची दोन मुलं दंगा करतात आणि उभा राहतो सगळा वर्ग. शहरात निदान वेळापत्रक तरी असायचं, खेड्यांचे हाल विचारू नका. माझ्या दहावीच्या वर्गातल्या खेड्यातून येणाऱ्या मुली सांगायच्या, "बाई, लाईट रात्री बाराला येते, तेव्हा मोटार चालू करायला बाबांबरोबर शेतात जावं लागतं." निबंधाच्या वहीवर मेणाचे डाग पडलेले मी पाहिलेत.

आणि मग २०१३. ते वर्ष आमच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ च्या शेजारी ठेवावं लागतं. नाथसागर तळाला गेला होता. त्या फेब्रुवारीत परळीचं केंद्र पूर्ण बंद करावं लागलं. अकराशे मेगावॉटच्या वर क्षमता, आणि बंद कशामुळे? कोळसा नव्हता म्हणून नव्हे, पाणी नव्हतं म्हणून. कोळसा जाळून वीज करायची तर वाफेला आणि ती वाफ पुन्हा थंड करायला अमाप पाणी लागतं. दोन वर्षांनी, २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तेच. ज्या भागात माणसाला प्यायला पाणी रेल्वेने आणायची वेळ येते (२०१६ ला लातूरला मिरजेहून आणलंच), त्या भागात पाण्यावर अवलंबून वीज, आणि वर तीनशे दिवस रखरखीत ऊन. याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. फाईल चाळताना २०१३ ची बिलं हातात आली आणि तेव्हा केला.

मी यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "ते बरोबर आहे. पण रात्रीचं काय?"

परत कणगी!

इथे मला मुलाकडून शिकावं लागलं. पॅनलची गोष्ट मला साधारण माहीत होती. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनची पहिली कामाची सौर घटमाला झाली, अंगावर पडलेल्या उन्हाच्या सहा टक्के वीज करणारी. चार वर्षांनी ती उपग्रहावर बसून आकाशात गेली, कारण जमिनीवर ती कुणाला परवडणारी नव्हती. २०१० नंतरच्या दहा-बारा वर्षांत किंमत जवळजवळ दहाव्या हिश्शावर आली आणि उतारा वीस टक्क्यांच्या वर गेला. पण एवढ्याने रात्रीचा प्रश्न सुटत नाही. बॅटरी घ्यावी तर ती महाग, आणि काही वर्षांनी बदलावी लागते. घरचा जुना इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटरीत पाणी घालण्याचा उद्योग आम्ही भारनियमनात पुरेसा केला होता. सरकारांनीही मोठ्या कणग्या करून पाहिल्यात. आपल्या घाटघरला नको तेव्हाच्या विजेने पाणी खालून वरच्या धरणात चढवतात आणि हवं तेव्हा सोडतात. पण ते डोंगर असलेल्यांचं काम.

घरासाठी उत्तर सापडलं ते यंत्रात नाही, हिशेबात. राज्याच्या वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले. दिवसा तुमच्या गच्चीवर जादा झालेली वीज बाहेर तारेत जाते, शेजारच्या घरात, दुकानात वापरली जाते, आणि तुमच्या नावावर जमा होते. रात्री तुम्ही घेता, ती त्यातून वजा होते. वर्षाअखेर, म्हणजे मार्चअखेर, शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, ते मात्र अगदीच कमी दराने. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेण्यात शहाणपण नाही. मीटरचा स्थिर आकार द्यावाच लागतो.

मला हे एका क्षणात कळलं, कारण माझे वडील हेच करायचे. सुगीत जास्तीची ज्वारी गावच्या दुकानदाराकडे टाकायची, त्याच्या वहीत मांडायची, आणि वर्षभर त्यातून तेल-मीठ आणायचं. आपल्या घरात कणगी नाही, तर वाण्याची कोठी आपली कणगी. अ‍ॅडम्सला बंगल्याच्या आवारात आरसे होते, इंजिन होतं, ऊन होतं. वही ठेवणारा वाणी नव्हता. मला तर वाटतं, एकशे चाळीस वर्षं अडलं ते तिथेच.

यांना हा दाखला पटला. पण लगेच म्हणाले, "वाण्याने नियम बदलले तर?" या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. नियम बदलू शकतात. वडिलांच्या वाण्यानेही एकदा भाव पाडून मांडला होता आणि घरात महिनाभर त्याचीच चर्चा होती.

दुसरी हरकत माझी होती आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाही. वाळवणाची. गच्चीवर आमचं ऊन काही वाया जात नव्हतं. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वर्षाचं तिखट, गहू, डाळी, गाद्या, सगळं त्या उन्हावर. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे आमची अर्धी गच्ची. पाहणीला आलेल्या मुलाने पॅनल गुडघाभर उंचीवर बसवायचा नकाशा काढला. मी म्हटलं, "बाळा, आणि मी कुरडया कुठे घालू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता. शेवटी आठ फूट उंच लोखंडी सांगाडा ठरला, खालून माणूस सरळ चालत जाईल असा. त्याचे पैसे जास्त पडले आणि वाऱ्यासाठी त्याचे पाय जास्त पक्के करावे लागले. सुनेने माझी बाजू घेतली, नाहीतर मुलगा "बाजारात पापड मिळतात" असं म्हणून मोकळा झाला होता.

निर्णय कसा झाला म्हणाल, तर मोठी बैठक वगैरे काही झाली नाही. जूनमधल्या एका रात्री दोनचा गजर वाजला. मी उठले, एसी बंद केला, खिडकी उघडली. अंधारात यांचा आवाज आला. "पंचवीस वर्षांचं सोड. पैसे किती वर्षांत फिटतात म्हणाला होता तो?"

"पाच-सहा."

थोडा वेळ काही नाही. मला वाटलं झोपले.

"घालूया. त्यातली दोन उन्हाळे जरी गारव्यात गेली तरी चालेल."

मी काही बोलले नाही. उठून एसी पुन्हा लावला आणि गजर कायमचा काढून टाकला.

यंत्रणा दिवाळीआधी बसली. सहा पॅनल, भिंतीवर एक पेटी, अर्थिंगचे तीन खड्डे आणि मीटरच्या जागी नवं मीटर, येणारं-जाणारं दोन्ही मोजणारं. मधल्या अर्जांच्या आणि फेऱ्यांच्या कहाण्या सांगत नाही, त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. आमचे तेरा-चौदापर्यंत गेले तेव्हा हे रोज संध्याकाळी मोबाईलवर आकडा बघून मला सांगायचे, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. पावसाळ्यात चार-पाचवर आलं की तोंड उतरायचं. मे महिन्यात ऊन सगळ्यात जास्त तरी वीज सगळ्यात जास्त होत नाही, कारण पॅनल तापलं की त्याचा उतारा घटतो. हे मला नवीन होतं. यंत्रालाही आपल्यासारखा उन्हाळा बाधतो तर! धुळीचा प्रश्न आहे, पंधरा दिवसांनी पॅनल धुवावे लागतात. ज्या शहराला नळाचं पाणी कित्येक दिवसांनी यायची सवय लागली आहे, तिथे हे पाणी मी पन्हळीतून खाली कुंड्यांत घेते.

एक गोष्ट मात्र सगळ्या नातेवाईकांना सांगून ठेवते, कारण प्रत्येकाला वाटतं की सोलर म्हणजे लाईट जाणार नाही. तसं नाही! २०२५ च्या मे महिन्यात, भर दुपारी, कोपऱ्यावरची डीपी जळाली. डोक्यावर आग ओकणारं ऊन, गच्चीवर सहा पॅनल, आणि घरातला पंखा बंद. हे बाहेर येऊन पॅनलकडे बघत म्हणाले, "अगं, ऊन तर आहे!" बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही थांबते. तशी तिची रचनाच असते. नाहीतर आमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. वाण्याचं दुकान बंद तर आपलंही धान्य आत. तीन तास आम्ही हातपंख्याने वारा घेतला. मग मला सुचलं, सतरंजी घेऊन गच्चीवर गेलो. पॅनलच्या सावलीत चांगला वारा होता. पलीकडच्या अर्ध्या भागात कालच्या कुरडया कडकडीत वाळत होत्या. खाली रस्त्यावर वायरमन खांबावर चढलेला दिसत होता. यांनी त्याला वरूनच विचारलं, "पाणी देऊ का हो?"

परवा बिल आलं. गजर नसलेला उन्हाळा, एसी रात्रभर, तरी आकडा स्थिर आकार आणि वर थोडंसं, १९९० च्या आसपासच्या बिलांशी जुळणारा. पंच करून फाईलला लावायला गेले तर फाईल बंदच होईना, पत्ती वाकली. मी म्हटलं, आता पुरे करावं का हे जमवणं? यांनी फाईल हातात घेतली, पत्ती सरळ करून पाहिली, नाही झाली.

"दुसरी आण," म्हणाले. "जरा जाडच आण."